भिजत घोंगडे : लोकरीचे दोन इतिहास

१

मराठी वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत एक घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडलेले आहे. सीमाप्रश्नाचे घोंगडे, पाणीवाटपाचे घोंगडे, रखडलेल्या एखाद्या पुलाचे घोंगडे. जो प्रश्न कोणी हाती घेत नाही आणि सोडूनही देत नाही, त्याला आपण ‘भिजत घोंगडे’ म्हणतो. सोलापुरात मराठीचा वर्ग घेत असताना आम्ही एकदा सहज विचारले, की हा वाक्प्रचार घोंगड्यावरूनच का आला असेल? चादरीवरून का नाही? वर्गात शांतता पसरली. चादर प्रत्येकाच्या घरी होती. घोंगडे पाहिलेली मुले पाच-सहा निघाली, आणि तीही सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या तालुक्यांतली. त्यांतल्या एकाने उत्तर दिले ते असे : “सर, ओलं घोंगडं एकट्याला उचलत नाही, पिळता येत नाही, अन् चार दिवस वाळत नाही.”

कोशातील अर्थ सगळ्या वर्गाला ठाऊक होता. वाक्प्रचारामागचे वजन ठाऊक होते ते एकट्या त्या मुलाला. भाषेत शब्द उरतो आणि वस्तू निघून जाते, तेव्हा शब्द चालत राहतो खरा, पण त्यातला भार गेलेला असतो. प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच. मात्र या घोंगड्याचा धागा ओढत गेलो, तेव्हा तो आम्हांला फार दूर, उत्तर अटलांटिकमधील आइसलँड या बेटापर्यंत घेऊन गेला. तेथून परत येताना आपल्याच घरातील एक गोष्ट नव्याने दिसली. ती वाचकांपुढे ठेवतो.

आरंभी एका शब्दाचा विचार करावा लागेल. मराठीत ‘विणणे’ हे क्रियापद फार मोठ्या मनाचे आहे. कोष्टी मागावर लुगडे विणतो, बुरूड टोपली विणतो, कोळी जाळे विणतो, सुतळीने बाज विणली जाते आणि आजी दोन सुयांवर नातवाचे टोपडे विणते. वास्तविक या क्रिया एकमेकींहून भिन्न आहेत. मागावरच्या विणकामात उभा ताणा आणि आडवा बाणा असे धाग्यांचे दोन संच लागतात, ते एकमेकांना काटकोनात छेदतात आणि सपाट कापड तयार होते. सुयांवरच्या विणकामात बहुधा एकच अखंड धागा असतो, त्याची कडी दुसऱ्या कडीतून काढली जाते आणि अशा कड्यांची साखळी म्हणजेच ते वस्त्र. पहिल्यातून पांघरण्याचे कापड निघते. दुसऱ्यातून शरीराच्या आकाराचा कपडा थेट निघतो, त्याला शिंप्याची गरज नसते. मराठीने दोहोंना एकच क्रियापद दिले, हे तिचे औदार्य. त्या एका क्रियापदाखाली किती अंतर झाकले गेले, हे पुढे पाहू.

२

आइसलँडचे नाव आपल्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना दोन कारणांनी माहीत असते, किंवा असावयास हवे. एक म्हणजे तेथील गद्य सागा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे साधारणतः ज्या काळात आपल्याकडे म्हाइंभट ‘लीळाचरित्रा’साठी आठवणी गोळा करीत होता त्याच काळात, त्या बेटावर ‘न्यालची सागा’ लिहिली जात होती. दोन्हीकडे देशभाषेत, गद्यात, आणि बोलण्याच्या लयीला धरून. दुसरे कारण म्हणजे कादंबरीकार हॉल्डोर लॅक्सनेस. त्याला १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची ‘इंडिपेंडंट पीपल’ या नावाने इंग्रजीत गेलेली कादंबरी १९३४-३५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक बियार्तुर हा मेंढपाळ-शेतकरी आहे. अठरा वर्षे दुसऱ्याची चाकरी करून तो स्वतःचा जमिनीचा तुकडा मिळवतो आणि स्वातंत्र्याच्या हट्टापायी मेंढ्यांखातर माणसांना गमावत जातो.

या बेटावर झाडे थोडी, धान्य जवळजवळ नाही. नवव्या शतकात नॉर्वेहून आलेल्या वसाहतकारांनी मेंढ्या बरोबर आणल्या आणि पुढची हजार वर्षे त्या मेंढ्यांनीच माणसांना जगवले. तेथील मेंढीच्या अंगावर लोकरीचे दोन थर असतात. बाहेरचा लांब, राठ आणि पाणी झटकणारा, त्याला ‘टोग’ म्हणतात. आतला आखूड, मऊ आणि ऊब धरून ठेवणारा, त्याला ‘थेल’ म्हणतात. एका मेंढीपासून वर्षाकाठी सुमारे दोन किलो लोकर मिळते.

आता आमच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा, की जगाला आज आइसलँडची म्हणून ठाऊक असलेली हातविणीची लोकरी वस्त्रे त्या बेटावर मुळात नव्हतीच. पहिली सहा-सात शतके तेथे विणले जात होते ते मागावरचे कापड. त्याचे नाव ‘वाद्माल’. भिंतीला टेकवून उभा केलेला माग, आणि ताण्याच्या धाग्यांना खाली दगड बांधून दिलेला ताण, असे त्या मागाचे स्वरूप होते. त्यावर स्त्रिया उभ्याने विणत. हे कापड इतके प्रतिष्ठित होते, की तेच चलन बनले. देणी-घेणी, दंड, कर हे सारे वाद्मालच्या हातांत मोजले जाई. एका गाईची किंमत १२० हात वाद्माल, असा हिशेब तेथील जुन्या मूल्यपत्रकांत येतो. ‘न्यालच्या सागे’च्या अखेरीकडे एक भयंकर गीत आहे. त्यात युद्धदेवता माग लावून बसतात आणि धाग्यांऐवजी माणसांची आतडी विणतात. ज्या समाजात माग रोज डोळ्यांपुढे आहे, त्यालाच अशी प्रतिमा सुचू शकते.

सुयांवरची वीण आली ती सोळाव्या शतकात, बहुधा इंग्रज, जर्मन किंवा डच व्यापाऱ्यांबरोबर. ती झपाट्याने पसरली, कारण तिला माग नको, जागा नको, चालता-बोलताही हात चालू ठेवता येतात. पुढच्या शतकांत हातविणीचे मोजे आणि हातमोजे ही त्या बेटाची मोठी निर्यात झाली. बाया, पुरुष, मुले सगळे विणू लागले. हिवाळ्याच्या लांब रात्री घरातील सर्व माणसे एका खोलीत बसून लोकरीचे काम करीत, आणि एक जण दिव्याजवळ बसून सागा वाची किंवा दीर्घ कथाकाव्ये चालीवर म्हणे. या प्रथेचे नाव ‘क्वोल्डवाका’, म्हणजे शब्दशः संध्याकाळचे जागरण. लोकर आणि वाङ्मय एकाच दिव्याखाली सांभाळले गेले. ‘जागरण’ हा शब्द आपण मुद्दाम लक्षात ठेवू.

आणि गळ्याभोवती नक्षीचे वर्तुळ असलेला तो प्रसिद्ध स्वेटर? त्याला ‘लोपापेइसा’ म्हणतात. ‘लोपी’ म्हणजे पीळ न दिलेली लोकर, ‘पेइसा’ म्हणजे स्वेटर. प्राचीन वायकिंगांचा वारसा म्हणून पर्यटक तो विकत घेतात. प्रत्यक्षात तो विसाव्या शतकाच्या मध्यास, साधारणतः १९५० च्या आसपास रूढ झाला. त्याच्या नक्षीचे मूळ कोणी ग्रीनलंडच्या स्त्रियांच्या मण्यांच्या गळपट्टीत शोधतात, कोणी स्वीडनच्या विणीत. आइसलँड १९४४ मध्ये प्रजासत्ताक झाला होता आणि नव्या राष्ट्राला स्वतःची म्हणून एक खूण हवी होती. हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी १९८३ च्या ग्रंथात ‘परंपरेची निर्मिती’ ही कल्पना मांडली. तिचे याहून सुबक उदाहरण सापडणे कठीण. मात्र या निर्मितीला खोटेपणा म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. त्या स्वेटराची नक्षी नवी असली, तरी लोकर जुनीच होती, त्याच डोंगरातल्या मेंढीची. २०२० साली या नावाला तेथे कायदेशीर संरक्षण मिळाले. लोकर आइसलँडच्या मेंढीची असावी आणि वीण त्याच देशात हाताने झालेली असावी, ही त्यामागची मुख्य अट. म्हणजे मेंढी आणि सुई यांची गाठ त्या समाजाने कायद्यानेच मारून ठेवली.

३

आता सोलापूर. गावाचे नाव काढताच चादर आठवते, आणि त्यात गैर काही नाही. १८६० च्या सुमारास रेल्वे आली, १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ म्हणून पुढे ओळखली गेलेली गिरणी सुरू झाली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि सुताचे शहर उभे राहिले. जॅकार्डच्या नक्षीची सोलापुरी चादर ही या शहराची खूण ठरली, तिला भौगोलिक चिन्हांकनही मिळाले. तीही तशी आधुनिक काळाचीच निर्मिती, आणि तिचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु शहराच्या वेशीबाहेर, भीमा आणि माण नद्यांच्या कोरड्या मुलखात, गिरणीच्या कितीतरी आधीपासून एक दुसरे विणकाम चालू होते. ते लोकरीचे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरविषयक खंड १८८४ मध्ये निघाला. त्यात मेंढ्या पाळणारे धनगर आणि कांबळी विणणारे सनगर या दोहोंची नोंद आहे.

दख्खनी मेंढी ही आइसलँडच्या मेंढीची अगदी उलटी बहीण म्हणावी अशी. काळी किंवा काळपट-तपकिरी, उंच पायांची, दिवसाला कोसच्या कोस चालणारी. तिच्या लोणंदी, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी अशा पोटजाती सांगितल्या जातात. तिची लोकर वर्षातून दोनदा कातरतात आणि दोन्ही कातरण्या मिळून जेमतेम अर्धा किलोच्या आसपास भरते. तीही राठ, केसाळ. मऊ असते ती फक्त कोकराची पहिली कातरणी. तिला ‘जावळ’ म्हणतात, माणसाच्या बाळाच्या पहिल्या केसांना म्हणतात तसेच. जावळाची घोंगडी मानाची आणि महागाची.

घोंगडी तयार होते ती अशी. कातरलेली लोकर निवडून रंगांप्रमाणे वेगळी करतात, कारण घोंगडीला रंग देत नाहीत. काळा, पांढरा, करडा हे मेंढीचेच रंग. मग लोकर पिंजतात, चरख्यावर सूत काततात. कातणे बहुधा बायकांकडे, माग पुरुषांकडे. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचे आणि पुढ्यातल्या मागावर विणायचे. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, तिने राठ सूत एकमेकांत गुंतत नाही आणि ताठ राहते. नवी घोंगडी म्हणूनच पुठ्ठ्यासारखी कडक असते. ती वापराने माणसाळते. चिंचेच्या झाडाची बी आणि मेंढीच्या पाठीची लोकर, दोन्ही त्या कोरड्या मातीतलीच.

या वस्त्राला शिवण नाही, बाही नाही, गळा नाही. आणि म्हणूनच ते एकाच वेळी दहा वस्त्रे आहे. अंथरले की बिछाना, पांघरले की पांघरूण, कोपरा दुमडून डोक्यावर घेतले की पावसातली खोळ, घडी करून खांद्यावर टाकले की ओझ्याखालची चुंबळ, चार काठ्यांवर ताणले की सावली, नवजात कोकरू गुंडाळले की पाळणा. पावसाची सर राठ केसांवरून ओघळून जाते. मात्र दिवसभराच्या झडीत पाणी एकदा आत मुरले, की मग त्या विद्यार्थ्याने सांगितले तसे चार दिवस वाळत नाही. जो माणूस वर्षातले कित्येक महिने रानात मेंढरांमागे फिरतो, रात्री शेतात कळप बसवून खताच्या मोबदल्यात धान्य घेतो आणि सगळा संसार घोड्यावर लादतो, त्याला बेतून शिवलेले दहा कपडे परवडत नाहीत. त्याला एकच वस्त्र लागते, आणि ते हाताळील तसे वळणारे. आइसलँडमध्ये विणीने शरीराचा आकार घेतला. आपल्याकडे वस्त्राने आकार घेण्याचेच नाकारले. धोतर, लुगडे, उपरणे, पागोटे यांच्या परंपरेत घोंगडी चपखल बसते, ती याच कारणाने.

तिचे पावित्र्यही त्यातूनच येते. सीमेपलीकडील कर्नाटकात कुरुब समाजात देवाचे आसन म्हणून कांबळे अंथरतात, आणि मंगळवेढ्याच्या पट्ट्यात मराठी-कन्नड असा भेद या बाबतीत फारसा उरत नाही. हुलजंतीला दिवाळीच्या अमावास्येला महालिंगरायाच्या यात्रेत पालख्यांची भेट होते, भंडारा उधळला जातो, तेव्हा दोन्ही भाषा एकाच मैदानात असतात. बिरोबाच्या ओव्या गाणारे गजी ‘सुंबरान’ मांडतात, म्हणजे स्मरण मांडतात. खंडोबाचे जागरण होते. आइसलँडच्या त्या ‘संध्याकाळच्या जागरणा’ची आठवण येथे यावी. तेथे लोकरीच्या सोबतीने वाचन टिकले, येथे लोकर राखणाऱ्यांच्या कंठात ओवी टिकली. फरक इतकाच, की तेथील सागा राष्ट्राचे वाङ्मय झाल्या आणि येथील धनगरी ओव्या दीर्घकाळ ‘लोकसाहित्य’ या वेगळ्या कप्प्यात राहिल्या.

त्या कप्प्याचे दार उघडणाऱ्यांत गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाचे नाव प्रथम घ्यावे लागेल. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरील त्याचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये निघाला. पुढे १९८४ मध्ये रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ आला. पंढरीच्या विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवतेत असल्याचे प्रतिपादन त्यात आहे, आणि धनगरांमध्ये आजही विठ्ठल-बिरप्पा ही जोडी एकत्र पुजली जाते याकडे ढेऱ्यांनी लक्ष वेधले. हे प्रतिपादन सर्वांनी मान्य केले असे नव्हे. पण ते ध्यानी ठेवून संतांच्या गौळणी पुन्हा वाचाव्यात. ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध रचनेत भक्त कान्होबाशी घोंगडीवरून भांडतो. देवाकडे चांगली, आपल्या वाट्याला मात्र फाटकी, अशी तक्रार करतो. घोंगडी म्हणजे देह, घोंगडी म्हणजे उपाधी, असा तिचा वेदान्ती अर्थ आपण वर्गात सांगतो आणि पुढे जातो. तो अर्थ खोटा नाही. पण घोंगडीवरून भांडण होऊ शकते, कारण ज्याच्याकडे एकच वस्त्र आहे त्याच्या दृष्टीने त्याची प्रत हा जगण्याचा प्रश्न असतो, हे सांगायचे राहून जाते. रूपकाला आधार वस्तूचा असतो. वस्तू काढून घेतली तर रूपक अधांतरी लोंबकळते.

४

मग सुयांवरची वीण आपल्याकडे आलीच नाही काय? आली, आणि चांगली रुजली, पण दुसऱ्याच घरी. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या व पुढे आपल्याही मुलींच्या शाळांतून भरतकाम-विणकाम हा विषय शिकवला जाऊ लागला. लोकर येई ती गिरणीची, मऊ, रंगीत, बाहेरून आणलेली. ‘एक सुलट, एक उलट’ ही परिभाषा मराठी मध्यमवर्गीय घरांत पाठ झाली. स्त्रियांच्या मासिकांतून नमुने छापून येऊ लागले. आणि मराठी संस्काराने या परक्या कलेला एक अस्सल स्वतःची जागा दिली, ती म्हणजे बाळंतविडा. टोपडे, कुंची, पायमोजे, छोटासा स्वेटर, फिक्या गुलाबी किंवा पिवळ्या लोकरीत विणून बाळंतिणीकडे पाठवायचा. सोलापूरसारख्या उन्हाने भाजून निघणाऱ्या गावात त्याची गरज किती, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ती ऊब हवामानाची नव्हतीच, नात्याची होती.

म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन लोकरी नांदत होत्या. एक काळी, राठ, रानातली, पुरुषाच्या खांद्यावरची. दुसरी फिकी, मऊ, दुकानातली, स्त्रीच्या मांडीवरची. मराठीने दोहोंना ‘लोकर’ म्हटले, दोन्ही कामांना ‘विणणे’ म्हटले. पण त्या दोघींची भेट कधी झाली नाही. स्वेटर विणणाऱ्या हाताने दख्खनी मेंढीची लोकर कधी हातात धरली नाही, आणि धनगरणीच्या सुताला सुई कधी लागली नाही.

याचे एक कारण तांतवाचे आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. दख्खनी लोकर इतकी टोचरी, की अंगालगतच्या कपड्यास ती निरुपयोगी. आइसलँडच्या मेंढीजवळ आतला मऊ थर होता, आपल्या मेंढीजवळ तो नाही. उन्हाच्या मुलखात तो असण्याचे कारणही नाही. पण हे कारण पुरेसे वाटत नाही. आइसलँडमध्ये शेताचा मालक आणि त्याचा गडी एकाच खोलीत बसून एकच लोकर विणत होते. आपल्याकडे लोकर कातरणारा, विणणारा आणि पांघरणारा यांच्यात जातीच्या भिंती होत्या. जावळ मऊ असते हे बाळंतविडा विणणाऱ्या घराला कळण्याचा मार्गच नव्हता, कारण त्या घराचा आणि वाड्याचा संबंध कळप शेतात बसवण्यापुरता, तोही पुरुषांपुरता. ‘विणणे’ या उदार क्रियापदाखाली झाकलेले अंतर म्हणतो, ते हे.

या अंतराची सर्वांत चांगली नोंद आपल्या एका कादंबरीनेच केलेली आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आली, ज्या वर्षी लॅक्सनेसला नोबेल मिळाले त्याच वर्षी. योगायोग आहे, पण वर्गात सांगण्याजोगा. माणदेश हा सांगोला, आटपाडी, माण अशा तीन जिल्ह्यांतल्या तालुक्यांत पसरलेला, म्हणजे बनगरवाडी ही सोलापूरच्या उंबऱ्यावरचीच. कोवळा मास्तर धनगरवाडीत येतो, कारभाऱ्याचा विश्वास मिळवतो, आणि तो विश्वास डळमळतो तो एका कपड्यावरून. अंजी त्याला गावाहून चोळी शिवून आणायला सांगते, कारभाऱ्याला त्यात भलताच अर्थ दिसतो. शिवलेले वस्त्र वाडीत बनत नाही, ते तालुक्याहून यावे लागते, आणि ते घेऊन येणारा हात बाहेरचा असतो. हा प्रसंग आम्ही अनेक वर्षे अंजी आणि मास्तर यांच्या संबंधांतील नाजूकपणा म्हणून शिकवला. आता वाटते, की न शिवलेल्या आणि शिवलेल्या वस्त्रांच्या दोन जगांतली ती तेढ आहे. अखेरीस दुष्काळ येतो, मेंढरे मरतात, वाडी ओस पडते. बियार्तुरचाही अंत पराभवात होतो. पण त्याला युद्धकाळातील चढे भाव आणि नंतरचे कर्ज बुडवते. बनगरवाडीला बाजाराने दखल घेण्याआधीच आभाळ बुडवते.

५

बाजार नंतर आला. आज दख्खनी मेंढी पाळली जाते ती मांसासाठी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढीचा जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. धनगराच्या हाती चार पैसे जास्त पडावेत म्हणून केलेले हे मोलाचे काम आहे, आणि त्याची दिशा कोकरांकडे आहे, लोकरीकडे नव्हे. सांगोला तालुक्यात महूदला शासनाच्या शेळी-मेंढी महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. तेथेही चिंता वजनाची आणि रोगांची. मेंढी कातरावी तर लागतेच, नाही तर उकाड्याने आणि गोचिडांनी ती हैराण होते. पण कातरण्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून अधिक पडते, म्हणून ती अनेकदा कातरल्या जागीच टाकून दिली जाते. बांधावर, रस्त्याकडेला काळे पुंजके वाऱ्यावर हलताना आम्ही पाहिले आहेत.

घोंगडीची जागा घेतली ती स्वस्त ब्लँकेटने, आणि ते येते पानिपतहून. परदेशांत टाकून दिलेले जुने लोकरी कपडे तेथे गठ्ठ्यांनी येतात, फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत होते आणि त्यातून ब्लँकेटे विणली जातात. ‘पानिपत होणे’ हाही आपलाच वाक्प्रचार. घोंगडीचे पानिपत खुद्द पानिपतानेच करावे, यातला विनोद मराठी माणसालाच कळेल आणि त्यालाच बोचेल. कोणी सांगावे, उत्तर युरोपातील एखाद्या आजीने विणलेल्या स्वेटराचे धागे आज सांगोल्याच्या बाजारातून विकत घेतलेल्या ब्लँकेटमधून एखाद्या धनगराच्या अंगावर असतील. सुईची लोकर आणि धनगराचा खांदा यांची भेट झालीच, तर ती अशी.

दुसऱ्या टोकाला घोंगडी नव्या दिमाखात परतली आहे. संकेतस्थळांवर ती पाठदुखीवरचा उपाय म्हणून, साधनेचे आसन म्हणून, शहरी ग्राहकाला चढ्या भावात विकली जाते. यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. आइसलँडचा स्वेटरही असाच, नव्या गरजेतून, नव्या ग्राहकासाठी घडला. प्रश्न एवढाच विचारावा, की त्या व्यवहारात कातणाऱ्या बाईच्या हाती काय पडते, आणि लोकर बांधावर टाकणाऱ्या धनगरापर्यंत त्यातले काय पोचते? तेथे कायद्याने मेंढी आणि सुई एकत्र बांधली. आपल्याकडे चादरीला चिन्हांकन आहे, सोलापूरच्या विद्यापीठाला २०१९ पासून अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. ज्या समाजात त्या जन्मल्या त्या समाजाच्या वस्त्राची मात्र या शहराच्या ओळखीत नोंद नाही. महेश्वरी लुगड्यांच्या विणकरांना आसरा देणाऱ्या राणीच्या नावाच्या आवारात खड्ड्याच्या मागाबद्दल कोणी तरी अभ्यास करावा, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

आणि आम्ही, भाषा शिकवणारे? आमचे काम त्याहून लहान, पण टाळता न येणारे. शब्दाचा अर्थ कोशातून सांगता येतो, त्याचे वजन मात्र हातांनीच कळते. त्या प्रश्नानंतरच्या आठवड्यात मंगळवेढ्याच्या एका विद्यार्थिनीने घरची घोंगडी वर्गात आणली. तिच्या आजोबांची, कडेला पांढरी पट्टी असलेली, मध्ये एका जागी रफू केलेली. मुलांनी ती हातोहात फिरवली. कोणी वास घेतला, कोणी टोचते म्हणून हात मागे घेतला, एकाने खोळ करून डोक्यावर घेतली. मग शेवटच्या बाकावरच्या मुलाने विचारले, “ही भिजवून बघायची का?” विद्यार्थिनी चटकन म्हणाली, “नको. आजोबा रात्री हीच घेतात. वाळली नाही तर?”

‘भिजत घोंगडे’ या वाक्प्रचाराचा याहून नेमका अर्थ आम्हांला त्यानंतर कोणत्याही कोशात सापडलेला नाही.